शेवूच्या नावाची मूठ

आमच्या घराला दोन दारं होती. एक वाडीकडे उघडायचं, दुसरं समुद्राकडे. रत्नागिरीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी माडांत दडलेली आमची वाडी; घरं इतकी जवळजवळ की एकीकडे फोडणी पडली की दुसरीकडे ठसका लागावा. घरात आई, आते, मी आणि धाकटी बहीण शेवंती, जिला सगळे शेवू म्हणत. बाबा गलबतावर. नारळी पुनवेनंतर जे निघत ते वैशाखाच्या अखेरीस परतत, त्यामुळे आमच्या लहानपणी घरातला कर्ता पुरुष म्हणजे आतेच. यशोदा तिचं नाव. बाबांची थोरली बहीण, लहान वयात कपाळ पुसून परत आलेली. ती ओटीवरून हाक मारायची आणि खाडीतल्या होडीतला माणूस मागे वळून बघायचा, असा तिचा आवाज. आई नेमकी उलट. ती आरे गावची, बोलायला थोडी आणि मानी. शेजारणीकडून मिठाचा खडा आणावा लागला तर तो संध्याकाळच्या आत परत जायचा, आणि सोबत दोन आमसुलं जास्त. कुणाचं घेतलेलं अंगावर राहिलं की तिला जेवण जात नसे. हा तिचा स्वभाव पुढे किती महागात पडणार होता हे तेव्हा कुणाला ठाऊक.

सकाळी उकड्या तांदळाची पेज असायची. आते ती मातीच्या टोपात रटरटू द्यायची आणि त्या आवाजानेच आम्ही उठायचो. सोबत चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला बोंबील. शेवूला बोंबलाचं डोकं लागायचं. ती ते हातात धरून ओटीवर बसायची, आणि तिच्या पुढ्यात वाडीतली सगळी मांजरं. ती चार वर्षांची असेल. एका संध्याकाळी आतेने चिमणी पेटवून तिच्या तोंडापुढून नेली आणि शेवूचा उजवा डोळा चमकला. पांढरा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. आते हसली. म्हणाली, "अगो बाय, ही तर मांजरडोळी झाली! मांजरांत बसून बसून." मग तो आमचा खेळच झाला. दिवेलागण झाली की मी चिमणी घेऊन शेवूला हाक मारायचो, ती धावत यायची, डोळे मोठे करून उभी राहायची, आणि डोळा चमकला की सगळ्यात जास्त तीच टाळ्या पिटायची. त्या चमकेचा अर्थ आज कुठलाही डॉक्टर दारातूनच सांगेल. आम्ही तिच्यावर हसत होतो. ते हसू अजून कधीकधी कानात येतं, आणि मी उठून रेडिओ लावतो.

काही महिन्यांनी डोळा लाल झाला, मग तिरपा झाला, मग पापणी सुजली. वैद्याने लेप दिला, आतेने दृष्ट काढली, आईने आरेच्या देवीला साडी बोलली. शेवू एका कुशीवर पडून कण्हायला लागली तेव्हा आमचे मास्तर मध्ये पडले. मी त्यांच्या हाताखाली इंग्रजी दुसरीत होतो आणि त्यांचा लाडका होतो. ते स्वतः आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी शेवूच्या डोळ्यासमोर आरसा धरून बराच वेळ पाहिलं आणि मास्तरांशी इंग्रजीत बोलले. त्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, तो मला नवा होता. बाहेर आल्यावर मास्तर आईला म्हणाले, "डोळ्यात गाठ आहे. वाईट जातीची. मुंबईला मोठ्या इस्पितळात डोळा काढतील, गरिबाकडून काही घेत नाहीत. डोळा काढला तर पोर वाचेल. नाही काढला तर ती गाठ मेंदूत शिरेल." मी विचारलं, "सर, कॅन्सर म्हणजे काय?" मास्तर म्हणाले, "कर्क. म्हणजे खेकडा." त्यांनी सांगितलं ते खरंच होतं, पण समुद्रकाठच्या बायकांना सांगताना जरा जपून सांगायला हवं होतं. त्या दिवसापासून आतेने घरात खेकडा, आमची कुर्ली, शिजवली नाही. शेजारचा मुलगा कुर्ल्यांची टोपली घेऊन दारावरून गेला तर ती त्याला ओरडायची, "ने रे मेल्या लांबून! एक आत शिरलाय तो पुरे हाय!"

आता खरी अडचण. चैत्र सरत आला होता. वैशाखाच्या अखेरीस मुंबईच्या बोटी बंद होत त्या पाऊस ओसरेपर्यंत. घाटावरून मोटारीने कोल्हापूर आणि पुढे आगगाडी हा मार्ग आमच्यासारख्यांचा नव्हता. म्हणजे आई शेवूला घेऊन शेवटच्या बोटीने गेली, की सगळा पावसाळा तिला मुंबईतच काढायचा. इस्पितळ डोळा काढील, पण नंतर पट्ट्या करायला, दाखवायला महिनोन्‌महिने जावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. राहायचं कुठे याला उत्तर होतं. आमच्या वाडीतल्या गिरणीकामगारांची परळला एक खोली होती, आणि शेजारच्या भागीकाकीचा थोरला, विष्णू, त्या खोलीचा कारभारी होता. तो सुट्टीवर आला होता आणि शेवटच्या बोटीनेच परत जायचा होता. खायचं काय, याला मात्र उत्तर नव्हतं. बाबांचं गलबत त्या साली मोडतोड होऊन मलबारच्या बंदरातच पावसाळ्यासाठी ओढलेलं. त्यांना काही कळलेलंही नव्हतं. आई म्हणे, "मी भांडी घाशीन." आते म्हणे, "आजारी पोर काखेत घेऊन?"

इथे मास्तरीणबाईंविषयी सांगायला हवं. मास्तर इथलेच, पण बाई साताऱ्याकडच्या. माशाच्या वासाने त्या नाकाला पदर लावत, पण आमच्या ओटीवर येऊन बसत जरूर. त्यांच्या गावी कुणा अडलेल्यासाठी घरोघर एक रीत होती. रोज चूल पेटवण्याआधी शिजवायच्या तांदळांतून किंवा पिठातून एक मूठ बाजूला काढायची, आठवड्याने गोळा करायची. एका मुठीने कुणाची चूल विझत नाही आणि दुसऱ्याची पेटते. बाईंनी वाडीतल्या बायकांना ही रीत सांगितली. आणि आईचा स्वभाव माहीत असल्यामुळे बजावलं, की बोटीच्या आदल्या दिवसापर्यंत त्या घरी कळू देऊ नका, नाहीतर ती नकोच म्हणेल. बायकांना ते पटलं. सगळ्या वाडीने तोंडाला कुलूप लावलं.

त्या कुलपाने घोटाळा केला. आई विहिरीवर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. आते कुणाच्या पडवीत शिरली की तिथली बाई घाईघाईने एखाद्या मडक्यावर टोपली पालथी घालायची. आमच्या घरी तर दुखणं विचित्र, त्यामुळे आम्ही एवढाच अर्थ काढला की रोग लागेल म्हणून वाडीने आम्हाला टाकलं. मुलं शेवूच्या जवळ येईनाशी झाली होती. त्यांना आयांनी सांगितलं असेल की डोळा दुखतोय, धक्का लागेल; पण आम्हाला ते तसं दिसत नव्हतं. मलाही मित्रांबरोबर घरी यायची लाज वाटू लागली होती. शाळेतून मी किनाऱ्याच्या बाजूने, मागल्या दाराने घरात शिरायचो.

आणि एका सकाळी आते विस्तव आणायला भागीकाकीकडे गेली ती रिकाम्या हाताने परत आली. आई शेवूला पेज भरवत होती.

"गो, पोरीला आत ने," आते म्हणाली.

"काय झाला वन्स?"

"आत ने म्हणते ना! सदू, समुद्राचं दार लाव." मी दार लावलं. आते खाली बसली. "मी मागल्या दाराशी उभी होते. तिनं मला बघितलान नाय. चुलीसमोर बसलीन, तांदळाची मूठ घेतलीन, कपाळाला लावलीन, नि काय म्हणालीन ठाऊक हाय? 'शेवूच्या नावाची.' नि मडक्यात टाकलीन. वर टोपली."

आईच्या हातातली वाटी खाली आली. घाटावरच्या वाचकाला इथे थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे मूल ग म भ न शिकायच्या आधी मूठ म्हणजे काय ते शिकतं. कुणाचं वाईट करायचं तर मांत्रिकाकडून तांदूळ नाहीतर उडीद भारून आणायचे, आणि त्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या घराकडे मूठ मारायची. माणूस रक्त ओकून मरतो. अमक्याचा बाप मुठीने गेला, तमक्याची म्हैस मुठीने गेली, हे आम्ही पेजेबरोबर ऐकत वाढलो होतो. मी इंग्रजी दुसरीत होतो. पृथ्वी गोल असल्याची तीन प्रमाणं मला पाठ होती. पण मी एकदाही म्हटलं नाही, की आते, असं काही नसतं. मला तसं वाटलंच नाही. मला वाटलं, तरीच.

"पण भागीवयनी कशाला करतील?" आई म्हणाली. "शेवूच्या वेळी माझी बाळंतपणाची अंघोळ त्यांनीच घातली."

"तेच तर! घरातलीच करतात. तिची नात गेली ना गेल्या साली? तिच्या जिवावर आला असेल, आपली पोर डोळ्यासमोर हिंडते ते." असं म्हणून आते उठली. आईने तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला.

भागीकाकीचं अंगण आमच्या अंगणाला लागून. आते तिथे मध्यभागी उभी राहिली आणि तिने आपला तो आवाज लावला. "भागे! बाहेर ये गो चेटकिणी! बाहेर ये नि सगळ्यांना दाखव मडक्यात काय लपवलायस ते!" मी आणि आई मागे धावलो. आईच्या काखेत शेवू. घराघरांतून बायका बाहेर आल्या. भागीकाकी पिठाळलेल्या हातांनी दारात आली. उंच, हाडकुळी बाई, कपाळ मोकळं. तिला काय चाललंय ते कळेना.

"कशाचा मडका?"

"माझ्या भाचीच्या नावाची मूठ काढतेस नि वर विचारतेस?"

"होय, काढते," भागीकाकी म्हणाली. "तुला कुणी सांगितला?"

ती असं सरळ कबूल करील ही कुणाचीच अपेक्षा नव्हती. आते तिला बाजूला सारून आत घुसली, मडकं घेऊन बाहेर आली आणि तिने ते अंगणात आपटलं. तांबड्या मातीत पांढरे तांदूळ पसरले. केवढे तांदूळ होते ते! आम्हाला वाटलं होतं आत लिंबू असेल, टाचण्या असतील, बाहुली असेल. नुसते तांदूळ. निवडलेले, पाखडलेले, जुने तांदूळ.

मग पलीकडच्या घरातली म्हातारी हळूच आत गेली आणि आपलं मडकं घेऊन बाहेर आली. दुसरी गेली. तिसरी गेली. आमच्यासमोर त्या मडकी हातात धरून उभ्या राहिल्या. एकीने तर पत्र्याचा डबा आणला होता. कुणीतरी धावत जाऊन मास्तरीणबाईंना बोलावून आणलं. बाई धापा टाकत आल्या, आतेकडे, मातीतल्या तांदळाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "अहो यशोदाबाई, हे मुंबईचं धान्य आहे. शेवूच्या आईसाठी. मीच सांगितलं होतं सगळ्यांना, रोज एक मूठ काढा म्हणून."

"मूठ?" आते म्हणाली. "तुमी सांगितलात? मूठ काढा म्हणून?"

"आमच्याकडे असंच म्हणतात हो. मूठ काढायची."

तेव्हा डबा घेऊन उभी असलेली बाई मोठ्याने म्हणाली, "बाई, तुमी पसा म्हटला असतात तर काय बिघडला असता? आमच्या तोंडाला पण कसासाच होत होता तो शब्द! मी तर आधी थू थू करून मग काढत होते!" दोघीतिघी फिसकन हसल्या. आणि लगेच गप्प झाल्या, कारण भागीकाकी हसली नव्हती.

मी आयुष्यात लाजेचे बरेच प्रसंग पाहिले. कॉलेजात फाटका सदरा घालून गेलो, वसतिगृहात दुसऱ्याच्या ताटात उरलेलं खाल्लं. पण त्या सकाळी अंगणात उभं असताना जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. पायाखालचे तांदूळ तुडवले जातील म्हणून मला हलताही येत नव्हतं. भागीकाकी स्वतः सकाळी नाचणीची आंबील खायची. घरात तांदूळ रोज शिजत नव्हते, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. तरी ती मूठ तिने रोज काढली होती; मडकं सगळ्यांत भरलेलं तिचंच होतं.

आई शेवूला घेऊन घरात परतली आणि समुद्राच्या दाराकडे तोंड करून बसली. बोट दुसऱ्या दिवशी होती. मास्तरीणबाई समजावायला आल्या, पण आईने मान हलवली. "नाय बाई. आता कुठल्या तोंडानं खाऊ तो तांदूळ? नि त्यांच्याच मुलाच्या खोलीत राहू? मी जात नाय. पोरीचं जे व्हायचं ते इथं होऊ दे." शेवू तिच्या मांडीवर कण्हत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या परक्या. आईवर त्यांचा जोर चालेना. आते कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. मला इतकंच कळत होतं की आई लाजते आहे आणि त्या लाजेपायी शेवू मरणार आहे. मी म्हटलं, "आई, जा ना गो." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात वाडीकडच्या दारात भागीकाकी उभी राहिली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात मातीमिश्रित तांदूळ. ते तिने आतेच्या पुढ्यात ठेवलं.

"वेच," ती म्हणाली.

आतेने वर पाहिलं.

"वेच म्हणते ना. तू सांडलायस, तू वेच. एक खडा राहिला तर माझ्या विष्णूच्या दातांखाली येईल." मग ती आईकडे वळली. "नि तू काय सुतक धरून बसलीस? उठ. बोचकी बांध."

"वयनी, आमी तुमाला काय नाय काय बोललो..."

"बोललात. चार जणींत बोललात. ते मी विसरेन असं तुला वाटत असेल तर तू खुळी हायस. भांडायला मला अख्खा पावसाळा पडलाय. बोट उद्या हाय." आणि तिने आईच्या मांडीवरून शेवूला उचललं, खांद्यावर टाकलं आणि अंगणात नेलं. शेवूने तिच्या मानेत तोंड खुपसलं. आईला उठावंच लागलं.

दुपारभर आमच्या ओटीवर बायका तांदूळ वेचत बसल्या होत्या. आते मध्ये, मान खाली. तिच्याशी कुणी वाईट बोललं नाही, आणि चांगलंही बोललं नाही. एकीने खडा काढून तिच्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "घे यशोदे, ह्यात मंत्र भरलाय का बघ." सगळ्या हसल्या. आतेही हसायला गेली आणि तिला हुंदका आला.

दुसऱ्या दिवशी मांडवीच्या धक्क्यावरून पडावात बसून आई बोटीवर गेली. दोन गोणी तांदूळ, विष्णू, आणि काखेत शेवू. आईने सबंध वेळ पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. वाडीतल्या बायका धक्क्यावर आल्या होत्या, त्यांच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. शेवू मात्र तिच्या खांद्यावरून दोन्ही हात हलवत होती.

मुंबईत काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. डोळा काढला. तो काढल्यावर पोरगी हसायला लागली, दुखणंच थांबलं होतं. खोलीतल्या पुरुषमाणसांनी खोली आईला दिली आणि सगळा पावसाळा ते बाहेरच्या गॅलरीत निजले. पागोळ्या आत येत म्हणून गोणपाटं बांधली होती म्हणे. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपायला आला की आई शेवूला घेऊन जिन्यात बसायची. आईने पुढे कितीतरी वेळा हे सांगितलं, पण प्रत्येक वेळी आवाज खाली आणून, चोरी सांगावी तसं. "माझ्यापायी एवढे बाप्ये भिजले," म्हणायची. आज ऐकतो की मुंबईत अशा मुलांच्या आईबापांसाठी राहण्याजेवण्याच्या सोयी झाल्या आहेत. फार चांगलं आहे. तिथल्या लोकांना मला एवढंच सांगावंसं वाटतं, की दार उघडताना आत येणाऱ्या बाईच्या तोंडाकडे फार वेळ बघू नका.

इकडे मी आणि आते उरलो. आमच्याही चुलीला आधार नव्हता, तेव्हा वाडीने मूठ थांबवली नाही. दर शनिवारी तांदूळ गोळा होऊन आमच्याकडे यायचे. आणण्याचं काम भागीकाकीने मागून घेतलं होतं. ती मुकाट्याने मागल्या दाराने येऊ शकली असती. ती भर दुपारी, पावसात इरलं घेऊन आमच्या पुढल्या अंगणात उभी राहायची आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "शेवूच्या नावाची मूठ आणलीय गो!" आणि थांबायची. आतेने "आण" म्हटल्याशिवाय पुढे यायची नाही. पाऊस कितीही असो. आते दारात यायची, तिच्या ओठांना शब्द फुटायला वेळ लागायचा, आणि मग ती म्हणायची, "आण." भागीकाकी तांदूळ ओतायची आणि निघून जायची. याखेरीज दोघींमध्ये एक शब्द नाही. मी आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसायचो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. सत्काराच्या वेळी लोक विचारतात, कशावर शिकलात? मी शिष्यवृत्तीचं सांगतो, ते खोटं नाही. पण त्या शनिवारांचे तांदूळ खाऊन मी त्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती, आणि घास गिळताना दर वेळी ती हाक ऐकली होती. आतेने एकदा भागीकाकीला विहिरीच्या मागे एकटी गाठून पायांवर हात ठेवायचा प्रयत्न केला. भागीकाकी मागे सरली. म्हणाली, "शिव्या अंगणात नि माफी विहिरीमागं होय?"

नारळी पुनव झाली, समुद्र निवला आणि पहिल्या बोटीने आई आली. शेवूच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, गाल भरलेले, आणि तोंडात मुंबईची भाषा. ती धक्क्यावर उतरली आणि सरळ भागीकाकीकडे धावत जाऊन म्हणाली, "काकी, तुझा तांदूळ संपला!" भागीकाकीने तिला उचलून घेतलं, पट्टीवरून एकदा हात फिरवला आणि आईजवळ देऊन टाकलं. आईने तिच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा ती, "उठ गो, चिखल हाय," एवढंच म्हणाली. आते चार पावलं लांब उभी होती. भागीकाकी तिच्यासमोरून निघून गेली.

पुढला शनिवार आला. आई आली होती, बाबांचा निरोप आला होता, आता मुठीची गरज नव्हती. जेवणं झाली. आते सवयीने दारात जाऊन बसली. ऊन पडलं होतं. ती बराच वेळ पुढल्या अंगणाकडे बघत राहिली. आई म्हणाली, "वन्स, आत या ना." आते म्हणाली, "आता ती कशाला येते आपल्या दारात. कारणच नाय उरला तिला." आणि तशीच बसून राहिली. पलीकडून भागीकाकीच्या मुसळाचा आवाज येत होता.

मग आते उठली. शेवू ओटीवर मांजरांत बसली होती, तिला तिने काखेत घेतलं आणि आमच्या अंगणात मध्यभागी जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून खाली पडला तो तिने सावरला नाही. आणि त्या सकाळी लावला होता तोच आवाज तिने पुन्हा लावला. दोन्हीकडच्या घरांतून बायका बाहेर आल्या.

"भागे!" आते ओरडली. "माझी भाची तुझ्या मुठीनं जगली गो!"

मुसळाचा आवाज थांबला. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत राहिलो. दारात कुणी आलं नाही. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला.